कोयत्याची मान

कोयता पात्यात तुटत नाही. धारेचे दाते पडतात, ढेकळात दडलेल्या दगडावर बसला तर टोक वळतं, पण तुटायचाच झाला तर मानेत तुटतो. तीन-चार बोटं रुंदीचं पातं जिथं एका बोटावर येतं आणि मुठीत शिरायला निघतं, ती मान. आयुष्यभर मी लोखंड ठोकलं, आणि त्यातला निम्मा विचार या दीड इंचानं खाल्ला.

उदगिरात माझी भट्टी आहे. भट्टीवरच्या कोनाड्यात गोड्या तेलाचा एक जुना डबा आहे, त्यात नुसत्या तुटक्या माना आहेत. गाळप संपून कारखान्यांचे पट्टे पडले की शिमग्या-पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीची माणसं जळकोट, मुखेड, कंधारकडं परततात. कोयता तुटलेला असला की तुकडे घेऊन माझ्याकडं येतात. मी नवा करून देतो आणि जुन्याची मान ठेवून घेतो. दुकानात कुणी नसलं की बॅटरीच्या उजेडात ते तुटलेलं तोंड बघत बसायचं, ही जुनी खोड. त्या तोंडावर दोन रंग असतात. बराचसा भाग पांढुरका आणि दाणेदार. तो शेवटच्या घावाला एकदम गेलेला. आणि आतल्या कोपऱ्याला नखाएवढा काळा डाग. ती चीर आधीची, भट्टीतून बाहेर पडतानाच कोयत्यात असलेली. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडं जास्त; वर बुडखा राहिला की कारखान्याचा स्लिपबॉय कटकट करतो. मग घाव उसाबरोबर मातीत जातो, मातीतल्या खड्यावर जातो. पातं तो झेलतं आणि मानेकडं पाठवून देतं. काळा डाग रोज थोडा आत सरकतो.

मान जाड ठेवली तर तुटत नाही. पण मग कोयता मुठीकडं जड होतो, घावाला वजन राहत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तोडणाऱ्या बाईचं मनगट सुजतं. ती दुसऱ्या वर्षी माझ्याकडं येत नाही. मान मऊ ठेवली तर वाकते. धारेला पाणी देताना मान तेलाच्या वर धरायची, एवढं आमच्यातलं पोरगंही जाणतं; तेवढ्यानं भागलं असतं तर डबा भरला नसता.

हे सगळं आत्ता लिहितो आहे, कारण खांदा गेला. उजवा. डॉक्टरांनी त्याला एक नाव सांगितलं, मी ते घरी येईपर्यंत विसरलो. घण उचलायचं बंद झालं, हातोडा चालतो पण दुपारपर्यंतच. घणावर आता भाचा असतो. बहिणीचा मधला. तो लोहारकी शिकलेला नाही, हीच खरी अडचण. बारा गावचं पाणी प्यायला आणि शेवटी कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला लागला. म्हणजे ओतकामवाला. घडाईच्या घरात ओतकामवाला. माझ्या वडिलांनी हे बघितलं असतं तर काही बोलले नसते, फक्त तंबाखू मळत बसले असते.

आम्हा घडीववाल्यांना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तिटकारा रक्तातून येतो. बीड ठोकता येत नाही. लाल करून ऐरणीवर घ्या आणि एक घाव घाला, सांडशीत निम्मंच राहतं. थंड असताना फोडा, आत गुळाच्या ढेपेसारखं करडं आणि रवाळ. त्यात कोळसा इतका, शेकडा तीन-साडेतीन, की तो मावत नाही. पापुद्रे होऊन लोखंडात पसरतो आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक तयार चीर. आम्ही कोयत्याला वापरतो त्या ट्रकच्या कमानपाट्यात कोळसा शेकडा अर्ध्याच्या आसपास. म्हणून तो तापतो, वाकतो, ताणतो, पाणी घेतो. बीड बाराशे अंशांच्या आतच पातळ होतं, पाटा वितळवायला पंधराशेच्या जवळ जावं लागतं. म्हणून तर ओतणाऱ्यांना बीड आवडतं. आळशांचा धातू, असं माझे वडील म्हणायचे, आणि मीही अनेक वर्षं म्हणत आलो.

वडिलांच्या रागाला कारण होतं. किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं शेतकरी म्हणायचे, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. लोहाराच्या बाजूनं ती कुणी सांगत नाही. लाकडी नांगराचा फाळ दर हंगामाला शेवटून घ्यायला आमच्याकडं यायचा. तो झिजला की आम्ही तापवून, ठोकून पुन्हा टोक काढायचो, आणि सुगीला खळ्यावरून बलुतं आणायचो. लोखंडी नांगराचा बिडाचा फाळ शेवटता येत नाही. झिजला की फेकायचा, दुकानातून दुसरा आणायचा. लोहाराचं बलुतं कायद्यानं आणि शहरानं मोडलं असं पुस्तकात लिहितात. मला विचाराल तर ते या न शेवटता येणाऱ्या फाळानं मोडलं. पुढं पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या असं सांगतात. चांगलंच केलं. पण त्या तोफा ओतीव असणार. घडीव तोफ अशी सहज वितळत नाही.

तोफेवरून आठवलं. घडीव-ओतीवचा जुना सामना बघायचा असेल तर विजापूरला जावं. आमच्याकडून काही फार लांब नाही. मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या माणसानं. ती आमच्या मराठवाड्यात, परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ साली विजापूरला नेली. पंचावन्न टनांच्या आसपास वजन, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह. घंटेच्या धातूची आहे, हात मारला की थरथर कळते. सगळे तिच्यापाशी फोटो काढतात. जवळच उपळी बुरुजावर तीस फुटांची एक लांबडी तोफ पडली आहे, तिच्याकडं फारसं कुणी बघत नाही. ती घडीव. लोखंडाच्या कांबी एकीशेजारी एक लावून नळी केली आणि वरून तापलेली कडी चढवली. मी तिच्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. हे काम मी केलेलं आहे. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात ती अशीच: चाकापेक्षा किंचित लहान घेराची पट्टी जोडायची, शेण्यांच्या जाळात तापवायची, फुगली की चौघांनी सांडशांनी उचलून चाकावर टाकायची, आणि वरून पाणी. आकसताना ती चाकाचे आरे कचकन आवळते. तोफेची कडी चढवणारे लोहार आणि चाकाची धाव चढवणारे आम्ही, मधे फक्त चारशे वर्षं. मलिक-ए-मैदानचं कौतुक मलाही आहे. पण ते एका उस्तादाचं काम, त्याचं नाव तोफेवर कोरलेलं. घडीव तोफेवर कुणाचं नाव दिसलं नाही.

हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, ओतताना धातू एकदाच संधी देतो. तुम्हाला दहादा. नाव कोरायचं कुणी?" कोल्हापूरला राहून त्याच्या बोलण्यात 'लै' आणि 'व्हय' शिरलं आहे आणि सोबत हा शहाणपणा.

तो आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला डबा सापडला. मी कुणाला दाखवत नाही. त्यानं माना चटईवर पसरल्या, एकेक उचलून आतल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मामा, हे समदे कोपऱ्यातच गेलेत की." मला ते माहीतच होतं. पण तो पुढं बोलला ते माहीत नव्हतं. त्यांच्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडाच्या नमुन्यावर आतला कोपरा काटकोनी राहिला तर तो नमुना मोल्डिंगवाले परत पाठवतात. त्या कोपऱ्यात मेणाची नाहीतर लांबीची वात बसवून अंगठ्यानं दाबत न्यायची आणि गोलाई द्यायची, हे त्याचं दिवसभराचं काम. कारण त्या जागी साच्यातली वाळू दोन बाजूंनी पातळ धातूत वेढली जाते, तापते, तिथला धातू सगळ्यांच्या शेवटी गोठतो. तोवर आजूबाजूचा गोठून आकसायला लागलेला असतो. बीड गोठून गार होताना शंभरात एक आकसतं, पोलाद दोन. दोन्हीकडून ओढ लागते आणि कच्चा कोपरा फाटतो. म्हणून त्यांची मोजपट्टीसुद्धा मुद्दाम थोडी लांब आखलेली असते, आकसणं आधीच धरून. धातू अजून भट्टीत आहे आणि तो कुठं फाटेल याचा हिशेब लाकडावर झालेला आहे. हे ऐकून मी गप्प राहिलो. माझा हिशेब कायम तुटल्यानंतरचा.

माझ्या बाजूची गोष्ट वेगळी आहे असं मी त्याला समजावलं, आणि ती खरंच वेगळी आहे. घडीव लोखंडाला तार असते. पाटा कारखान्यात लाटला जातो तेव्हा त्याची अंतर्रचना लांबीच्या दिशेनं ओढली जाते, आणि मी मान ताणतो तेव्हा ती तार तुटत नाही, मानेतून वळून मुठीत शिरणाऱ्या शेपटात उतरते. पुण्याला मुंढव्यात भारत फोर्ज ट्रकचे क्रँकशाफ्ट घडवते ते याच जोरावर. आणि म्हणूनच मला गॅस कटिंगच्या कोयत्यांची चीड आहे. लातूरच्या बाजारात आता ढिगानं येतात. पत्र्यावर खडूनं कोयता आखायचा, गॅसनं कापायचा, ग्राइंडरनं धार, काळा रंग, झाला कोयता. दिसायला माझ्यापेक्षा सफाईदार. मानेच्या वळणावर तार आडवी कापलेली. तो ओतीव नाही, घडीव नाही, कातरलेला आहे. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या यायला लागल्यापासून तर कोयता म्हटलं की शहरातल्या माणसाला तोच काळा पत्रा आठवतो. त्या पोरांच्या हातात माझा कोयता कधी दिसला नाही याचं मला समाधान आहे. परवडला नसेल, हेही खरं.

नांदेडला गेलो की सचखंड गुरुद्वाराच्या रस्त्यावरच्या दुकानांतल्या कृपाणी बघतो. स्टेनलेसचा पत्रा, आरशासारखी पॉलिश, भिंतीवर लावायला छान. ठोकलेलं पातं शेकड्यात एखादं. दिवाळीच्या तोंडावर तख्तस्नानाला गोदावरीचं पाणी आणतात आणि सचखंडातली जुनी शस्त्रं धुतात. लोक माथा टेकायला जातात, मी माना बघायला जातो. गर्दीत लांबूनच बघावं लागतं, पण पात्याचा आणि मुठीचा सांधा जिथं आहे तिथं कुणीही काटकोन ठेवलेला दिसत नाही. हे मला आधीही दिसत होतंच की. दिसत होतं आणि मी त्याला नक्षी समजत होतो.

कारण पातं मानेत उतरतं तिथला काटकोनी खांदा ही माझी ऐट होती. ऐरणीच्या कडेवर पातं आडवं धरून एकाच घावात सरळ, करकरीत खांदा पाडायचा. तसा खांदा उदगीर-देगलूर पट्ट्यात दुसऱ्या कुणाला जमत नाही. बाजारात पन्नास कोयते पडलेले असले तरी माझा कोणता हे लांबून कळावं म्हणून मी तो पाडायचो, आणि गुरुवारच्या बाजारात उगीचच त्या ओळीवरून चक्कर मारायचो. कुणी उचलून "हे कुणाचं हो?" विचारलं की दुकानदाराचं उत्तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. खांद्याचा आणि काळ्या डागाचा संबंध माझ्या ध्यानात आला नसेल असं नाही. ऐरणीच्या धारदार कडेवर एका घावात खांदा पाडला की आतल्या बाजूला लोखंड दुमडतं, एक बारीक घडी बसते, वरून हातोडीनं ती पुसली जाते. मी ती पुसत राहिलो.

भाच्यानं काय केलं? मी पंढरपूरला गेलो होतो. येऊन बघतो तर ऐरणीची कड ग्राइंडरनं गोल मारलेली. आमच्याकडं ऐरणीवर कुणी बसत नाही, खंडेनवमीला तिला हळद-कुंकू वाहतात. तिला ग्राइंडर! मी काय बोललो ते लिहीत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि मग ऐरणीच्या कमरेवरचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढलेली जागा दाखवली. तिथं खालपासून वरपर्यंत एक उभी, बारीक, उंचवट्याची रेघ होती. "साच्याच्या जोडाची रेघ हाय, मामा. दोन पेट्या जुळवताना राहत्ये. ही ओतल्याली हाय."

ती ऐरण वडिलांनी रेल्वेच्या भंगारातून आणली. निजामाच्या रेल्वेचा माल, विलायती, घडीव, असं ते सांगायचे, आणि ते गेल्यावर मी सांगायचो. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला, त्यानं विचारलेलं नसताना. बिडाची नाही, हे नक्की. बिडाची ऐरण मेलेली असते, हातोडा उसळत नाही. ही उसळते, खणखणते. ओतीव पोलादाची असणार. म्हणजे ओतणाऱ्याच्या पाठीवर उभं राहून आम्ही दोन पिढ्या ओतणाऱ्यांना नावं ठेवली.

त्यानंतर आम्ही दोघं कोनासमुद्रमला जाऊन आलो. कल्पना त्याची. उदगीरहून देगलूर, मांजरा ओलांडून बोधन, निजामाबाद, आर्मूर, आणि पुढं आत. आता तेलंगणात आहे, पण १९५६ पर्यंत आम्ही सगळे एकाच हैदराबाद राज्यातले. तिथं मुशीतलं पोलाद व्हायचं, ज्याला इंग्रजांनी वूट्झ म्हटलं, ज्याच्या तलवारी पुढं दमिश्कच्या नावानं खपल्या. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ व्हॉयसी यानं १८२० च्या सुमारास इथं येऊन सगळी कृती लिहून ठेवली; तो १८२४ साली वारला, लेख १८३२ साली छापला गेला. इथलं पोलाद घ्यायला इराणातून व्यापारी येऊन राहायचे. २०१० साली बंगळूरच्या एनआयएएस संस्थेनं आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठानं या भागाची पाहणी केली. आम्हाला शेताच्या बांधावर खापराचे तुकडे दिसले, आतून हिरवट-काळी काच चढलेले. मूस. तिच्यात लोखंड भरायचं, तोंड मातीनं बंद करायचं, रात्रंदिवस आच द्यायची आणि आतल्या आत गार होऊ द्यायचं. मूस फोडली की हातात गोळा.

तो गोळा ओतीवच म्हणायचा. वितळून मुशीचा आकार घेतलेला. आणि तो घडीवही, कारण पुढं लोहारानं ठोकल्याशिवाय त्याचं पातं होत नाही. त्यात कोळसा शेकडा दीडच्या आसपास, म्हणजे आमच्या पाट्याच्या तिप्पट आणि बिडाच्या निम्मा. मधला. त्याला आच जरा जास्त झाली की बिडासारखा सांडशीत भुगा होतो. युरोपातल्या चांगल्या चांगल्या लोहारांच्या हातात झाला. कमी झाली की दाद देत नाही. मंद लाल आणि नारिंगी यांच्या मधल्या अरुंद पट्टीत तो ठोकायचा, घाई न करता. मायकेल फॅरडेसारख्या माणसानं १८१९ पासून काही वर्षं त्या पोलादाचं रहस्य शोधण्यात घालवली. मला मनातून कायम वाटत आलं आहे की मला तो गोळा मिळाला तर मी तो ठोकू शकेन. कुणाला बोललो नव्हतो, इथं लिहितो आहे. भाचा खापर हातात फिरवत म्हणाला, "आधी आमचं काम, मग तुमचं." मी म्हटलं, "आच कुणी धरायची?" परतीच्या रस्त्यावर बोधनपर्यंत हाच वाद.

त्याच्याकडं अजून एक हुकमाचं पान आहे. बिडात किंचित मॅग्नेशियम टाकलं की कोळशाचे पापुद्रे जाऊन गोळ्या होतात आणि बीड वाकायला लागतं. हे तंत्र १९४८ साली जाहीर झालं. इकडं हैदराबादेत पोलीस ॲक्शन झाली त्याच साली. लहान पेट्रोल गाड्यांचे क्रँकशाफ्ट आज पुष्कळदा त्याच ओतीव बिडाचे असतात. मला हे वाचून रात्रभर बरं वाटलं नाही. सकाळी त्याला म्हटलं, कोयता ओतून दाखव. तो हसला. "कोयता न्हाई व्हायचा, मामा. पातळ धार, वर घाव. ते तुमचंच." तेवढ्यावर मी चहा मागवला.

सध्या मान अशी होते. गोल केलेल्या कडेवर मी पातं धरतो, भाचा घण घालतो, पण एका घावात नाही. थोडं दाबायचं, उलटायचं, थोडं दाबायचं. लोखंड खांद्याकडून मानेत सरकत येतं, दुमडत नाही. आतला वळसा करंगळी बसेल इतका. मग शेपूट ताणायचं. मग मान राखेत पुरून सावकाश गार करायची, आणि पाणी फक्त धारेला, जळक्या ऑइलमध्ये. पाठीकडून आच चढवत पिवळा सरला, तपकिरी सरत आला आणि जांभळं दिसू लागलं की थांबायचं. वेळ दीडपट लागतो. भाव तोच.

आणि कोयता दिसतो कसा? माझ्या मते खांदे पाडून बसलेल्या माणसासारखा. करकरीतपणा गेला. बाजारात ओळीत पडलेला असला तर माझा कोणता ते मलाच वाकून बघावं लागतं. तुटतात का? दिवाळीनंतर गेलेले कोयते अजून फडात आहेत, पट्टे पडायचे आहेत, डबा तिथंच आहे.

भांडण आता छापेवरून आहे. वडिलांची छाप म्हणजे तीन टिंबं, पात्याच्या पाठीला, मानेपासून दोन बोटांवर. ती टिंबं मारायच्या पोगरानं वडिलांनंतर मी सोडून कुणी ठसा मारलेला नाही. भाचा म्हणतो घण माझा, गोलाई माझी, छाप मारू द्या. मी म्हणतो, तिथं टिंब मारणं म्हणजे पुन्हा चिरेला जागा करून देणं. त्यानं ते लगेच मान्य केलं, आणि मान्य करताना माझ्याकडं असं बघितलं की खरं कारण ते नाही, हे त्याला कळलंय. पाठीला टिंबानं काही होत नाही, इतकी वर्षं मीच मारत आलो आहे. तेव्हा त्याचे कोयते बिनछापाचे जातात. गिऱ्हाइकानं विचारलं, तर आमच्याकडचेच आहेत म्हणून मी सांगतो, आणि भाव माझाच लावतो.